हेडचे बोल्ट आणि कागदावरचा आकडा
(सास्तूर येथे प्रौढांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही मोटारीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहोत. सगळ्या इंजिनाबद्दल नाही. तेवढे एका रात्रीत सांगून होणार नाही. इंजिनाच्या डोक्यावर जे बोल्ट असतात, त्यांच्याबद्दलच बोलायचे आहे. दहा-पंधरा बोल्ट. एकेक वीतभरही लांब नाही. पण ते नीट बसले नाहीत, तर कर्जाने घेतलेली जीप दारात उभी राहते. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही. तो चालतच असतो.

तुमच्यात जीप चालवणारे आहेत. ट्रॅक्टरवाले आहेत. माकणीच्या धरणाकडे पाण्यावर इंजिन लावणारे आहेत. ज्यांच्या घरी यातले काहीच नाही, अशा आयाबायाही बसल्या आहेत. "आम्हाला बोल्ट घेऊन काय करायचंय?" असे त्यांनी म्हणू नये. आजच्या गोष्टीत शहाणपणा एका बाईचा आहे आणि चूक आमची आहे. ती गोष्ट पुढे येईल. आधी हेड म्हणजे काय ते पाहू.

इंजिनाचे दोन भाग समजा. खालचा जाड ओतीव भाग, तो ब्लॉक. त्यात गोल, गुळगुळीत विहिरी असतात. त्यांना मिस्त्री लोक बोअर म्हणतात. जीपमध्ये बहुधा चार बोअर असतात. प्रत्येक बोअरमध्ये पिस्टन खालीवर पळतो. या विहिरींच्या तोंडावर एक झाकण असते. ते हेड. ब्लॉक आणि हेड यांच्या मधे एक पातळ पत्रा असतो. तो हेडचा गास्केट. आपल्याकडे त्याला हेड पॅकिंगही म्हणतात. आतला जाळ, बाजूने फिरणारे पाणी आणि वर चढणारे तेल, या तिघांना तो एकमेकांपासून वेगळे ठेवतो. काम मोठे, अंग मात्र पापडाएवढे.

आता हिशेब करू. बोअर ९ सेंटिमीटर रुंद आहे असे धरा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर भरते. डिझेल पेटते तेव्हा दर चौरस सेंटिमीटरवर ७० किलोचा दाब आला असे धरा. काही इंजिनांत तो याहूनही जास्त असतो. ६४ गुणिले ७० किती? ४४८० किलो. म्हणजे शंभर किलोची जवळजवळ ४५ पोती ज्वारी. एवढा जोर हेडला खालून वर ढकलतो. आणि एकदाच नाही. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक बोअरमध्ये मिनिटाला हजार वेळा असा धक्का बसतो.

हेडचे वजन किती? दोन माणसे सहज उचलतात. मग ते उडून का जात नाही? त्याला वजन धरून ठेवत नाही. त्याला बोल्टांचा ताण धरून ठेवतो.

ही गोष्ट सास्तूरच्या माणसाला वेगळी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या जाणत्यांनी पाहिली आहे. ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. हात-हात, दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती होत्या. वर मातीचे जड माळवद होते. जाड आहे, जड आहे, म्हणजे पक्के आहे, असे आपण पिढ्यान्पिढ्या समजत होतो. पण त्या भिंतीची बाहेरची पाळ वेगळी होती आणि आतली पाळ वेगळी होती. दोन्ही पाळींना मधून बांधून ठेवणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. बांधच नव्हता. पुढे नवी घरे उठली, तेव्हा चारी भिंतींना एकत्र धरणारे लोखंड घातलेले सिमेंटचे पट्टे आले. ज्यांची माणसे गेली, त्यांच्यापुढे याहून जास्त बोलवत नाही. एवढेच म्हणतो, की वजन वेगळे आणि बांध वेगळा.

बोल्ट हा बांध आहे. पण तो धरतो कसा? बरेच जण म्हणतील, "आट्यांनी धरतो." अर्धे खरे आहे. पुरे ऐका.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना तुम्ही पाहिले असेल. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहान करतो. मग गोवऱ्यांच्या जाळात तिला तापवतो. तापली की ती फुगते, मोठी होते. तशीच ती चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. चर्र आवाज होतो. धाव थंड होते, तिला पुन्हा लहान व्हायचे असते. पण आत चाक असते. मग ती चाकाला अशी कवळ घालते, की सगळे आरे जागच्या जागी गच्च बसतात. म्हणजे धाव कशाने धरते? ताणली गेल्यामुळे, आणि तिला परत आखडायचे असते म्हणून.

बोल्टचे तसेच आहे. आपण पान्याने बोल्ट आवळतो, तेव्हा खरे तर आपण त्याला लांब करतो. पोलादाचा बोल्ट लांब होतो, हे ऐकून हसू येईल. पण होतो. शंभर मिलिमीटर लांबीचा चांगला बोल्ट नीट आवळला, की पाव मिलिमीटरच्या आसपास लांब होतो. पोस्टकार्डाची जाडी, बस्स. त्याला परत आखूड व्हायचे असते. म्हणून तो हेडला ब्लॉकवर दाबून धरतो. या पोस्टकार्डाच्या जाडीवर सगळी जीप चालते.

कमी ताणला तर काय होते? दर धक्क्याला हेड केसभर उचलते. मग गास्केट जळतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी तेलात उतरते, आणि तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. जास्त ताणला तर? कुंपणाची तार आठवा. बेताने ओढली तर ती तणतणीत राहते. हावरेपणाने ओढली तर ती लांबते आणि मग लांबच राहते. पुन्हा तिच्यात जीव येत नाही. बोल्ट तसाच मरतो. बाहेरून चांगला दिसतो, पण त्याच्यातले परत फिरणे संपलेले असते. त्याहून ओढला तर तुटतो. तुटला तर निम्मा ब्लॉकच्या आत राहतो. तो बाहेर काढणे म्हणजे मांजराच्या पिलाला पाईपमधून काढणे.

मग किती ताणायचा? इथेच आकडा येतो.

आपल्याकडे जुने मिस्त्री आकडा वापरत नसत. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑईल इंजिनांची कंपनी काढली. पुढे अशी इंजिने गावोगाव विहिरींवर आली. एक बोअर, वर लहानसे हेड, चार-सहा जाड नट. मिस्त्री मनगटाच्या अंदाजाने आवळायचा आणि इंजिन चालायचे. आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. त्यांच्या हातात अनुभव होता आणि त्या इंजिनाच्या अंगात सोसायची ताकद होती. नव्या मोटारीचे तसे नाही. चार बोअरवर एकच लांब हेड असते. पुष्कळदा हेड अॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक लोखंडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणजे इंजिन गरम झाले, की हेड फुगून बोल्टला आणखी ताणते. एक बोल्ट ढिला आणि शेजारचा करकचून असेल, तर हेड वाकडे बसते. इथे मनगट पुरत नाही.

आता आमची गोष्ट.

याच भागातल्या एका गावी घडली. गावाचे नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती. लग्नसराईचे दिवस होते. एका जीपवाल्या दादांची गाडी वाटेत तापली. पाण्याचा पाईप फुटला होता. आत वऱ्हाड बसले होते, मुहूर्त जवळ आला होता, म्हणून दादांनी गाडी तशीच दोन कोस रेटली. वऱ्हाड पोचले. गास्केट गेला. हेड किंचित वाकले होते, ते शहरातून घासून सपाट करून आणले. जुने बोल्ट मोजले तर लांबलेले निघाले. कंपनीचे बोल्ट लवकर मिळेनात. म्हणून बाहेरच्या बनावटीचे आणले.

बाहेरचे म्हणजे नकली, असे समजू नका. दोन जाती आहेत. एक खरोखर नकली. डबी कंपनीसारखी, माल कसलाही. दुसरी जात चांगल्या कारखान्यांची. ते कंपनीच्या बोल्टपेक्षाही कठीण पोलादाचे बोल्ट करतात. शर्यतीच्या गाड्यांना असे लागतात. बोल्टच्या डोक्यावर बारीक आकडा कोरलेला असतो. तो वाचायला शिका. ८.८, १०.९, १२.९ असे आकडे येतात. टिंबाच्या आधीचा आकडा ताकद सांगतो. ८ म्हणजे पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलो ओढ दिली की तुटेल. १० म्हणजे सुमारे १०० किलो. टिंबानंतरचा आकडा सांगतो, की त्या ओढीच्या दहातल्या किती हिश्श्यांपर्यंत तो ताणून परत येईल. १०.९ चा बोल्ट दहातले नऊ हिस्से सोसून परत येतो. काही चांगले कारखाने आपली वेगळीच खूण घालतात. पण ज्याच्या डोक्यावर काहीच नाही आणि ज्याच्याबरोबर कागदही नाही, असा बोल्ट गोठ्याच्या दाराला लावा. हेडला लावू नका.

दादांनी आणलेली डबी चांगली होती. तिच्यात दहा बोल्ट, दहा जाड वायसर, काळ्या मलमाची एक पुडी आणि घडी घातलेला एक कागद होता. दादांच्या घरच्या वहिनी आपल्या वर्गात येत. नव्यानेच वाचायला लागल्या होत्या. इंग्रजी आकडेही मुलाकडून शिकल्या होत्या. त्यांनी कागद उलगडला आणि बोट ठेवून वाचले, "सहा... पाच. पासष्ट." मग म्हणाल्या, "मिस्त्री, म्होरं दोन इंग्रजी अक्षरं हायती. ती काय म्हणायलीत?"

आम्ही पान्याखाली वाकलेलो. म्हणालो, "ती राहू द्या, वहिनी. आकडा कळला, काम झालं."

काम झाले नव्हते. काम बिघडले ते तिथेच.

आमच्याजवळ टॉर्क पाना होता. या पान्याला आकडा लावून ठेवता येतो. तेवढा जोर झाला की पाना 'टक्' करतो. त्याच्या दांड्यावर दोन बाजूंना दोन मापे कोरलेली असतात. आम्ही सवयीच्या बाजूला ६५ लावले. आवळायला लागलो. शेवटच्या फेऱ्यात सहा बोल्ट झाले. सातवा फिरतोय, फिरतोय, पण 'टक्' काही होईना. आवळतोय असे वाटते, आणि जोर मात्र वाढत नाही. ज्याने हे हाताला जाणवून घेतले आहे, त्याच्या पोटात खड्डा पडतो. आम्ही थांबायला पाहिजे होते. थांबलो नाही. आणखी जरा ओढले. 'कट्'.

कोणी बोलेना. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "पासष्ट खरं. पर पासष्ट काय? पायली का पोती?"

मंडळी, आम्हाला त्या दिवशी शाळेत पुन्हा बसवल्यासारखे झाले. कागदावर ६५ च्या पुढे एन आणि एम ही अक्षरे होती. म्हणजे न्यूटन-मीटर. आम्ही लावले होते फूट-पौंडाच्या बाजूला. दोन्ही मापे जोराचीच, पण फूट-पौंड मोठे. एका फूट-पौंडात सुमारे १.३६ न्यूटन-मीटर असतात. ६५ फूट-पौंड म्हणजे सुमारे ८८ न्यूटन-मीटर झाले. पासष्टाच्या जागी अठ्ठ्याऐंशी! तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ओढ आम्ही त्या बोल्टांना दिली. एक तुटला. उरलेले नऊही ताणून गेले म्हणून फेकावे लागले. तुटका तुकडा काढताना भोक बिघडले. ब्लॉक शहरात नेऊन तिथे नवे आटे बसवावे लागले. जीप २३ दिवस विटांवर उभी. लग्नसराई निघून गेली. ब्लॉकचा आणि नव्या बोल्टांचा खर्च आम्ही दिला. पण दादांची बुडालेली कमाई आम्ही कुठून देणार? त्या महिन्याचा हप्ता वहिनींच्या डोरल्यावर गेला.

फळ्यावर आम्ही तीन मापांची अक्षरे काढली आहेत. घरी जाताना ती वहीत उतरवून घ्या. एक, एन आणि एम, म्हणजे न्यूटन-मीटर. दुसरे, के, जी आणि एम, म्हणजे किलोग्रॅम-मीटर. तिसरे, एफ, टी, एल, बी, म्हणजे फूट-पौंड. कधी ही अक्षरे उलटसुलट क्रमाने येतात, मधे टिंब किंवा आडवी रेघ येते. त्याने घाबरू नका.

किलोग्रॅम-मीटर समजायला सोपे आहे. एक मीटर लांब दांडा बोल्टला लावला आणि त्याच्या टोकाला एक किलोचा जोर दिला, म्हणजे एक किलोग्रॅम-मीटर. दांडा अर्धा मीटर असेल तर त्याच कामाला दोन किलो लागतील. पहारीला जो नियम तोच. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, दहाला जरा कमी. तेव्हा आमच्या कागदावरचे ६५ न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे ६.६ किलोग्रॅम-मीटर, किंवा ४८ फूट-पौंड. वस्तू एकच, आकडे तीन. आणि कोणी ६५ किलोग्रॅम-मीटर आवळायला गेला तर? तो दहापट जोर झाला. तिथवर पोचण्याच्या किती तरी आधी बोल्ट तुटेल. बरेच आहे, निदान चूक लगेच कळेल. वाईट चूक ती, जी कळत नाही. ६५ चे ८८ झालेले बोल्ट कधी कधी तुटत नाहीत. गाडी महिनाभर चालते आणि मग रात्रीच्या वेळी, आत बाळंतपणाची बाई असताना, पाणी उकळते.

तुमचा टॉर्क पाना खरा बोलतो का, हे पाहायची एक साधी युक्ती सांगतो. पाना आडवा धरून एका पक्क्या बोल्टला लावा. बोल्टच्या मध्यापासून बरोबर अर्धा मीटरवर दांड्याला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवा. पान्याचा दांडा तेवढा लांब नसेल, तर जेवढा असेल तेवढ्याचा हिशेब करा. काटा दांड्याशी काटकोनात ओढा. ६५ न्यूटन-मीटरला पाना 'टक्' करेल, तेव्हा काट्यावर सव्वातेरा किलोच्या आसपास दिसले पाहिजे. पाना वापरून झाला की त्याचा आकडा खाली, सगळ्यात कमीवर उतरवून ठेवा. नाहीतर आतली स्प्रिंग ताणात राहून खोटे बोलायला शिकते. आणि टॉर्क पान्याने बोल्ट सोडवू नका. तो मापाचा पाना आहे, पहार नाही.

आता त्या काळ्या मलमाचे. पुष्कळ मिस्त्री ती पुडी फेकून देतात आणि इंजिनाचे तेल लावतात. काही जण कोरडेच आवळतात. असे का करू नये, ते ऐका. आपण पान्याला जो जोर देतो, तो एक रुपया समजा. त्यातले सुमारे पन्नास पैसे बोल्टचे डोके वायसरवर घासण्यात जातात. चाळीस पैसे आटे आट्यांवर घासण्यात जातात. बोल्ट ताणायला उरतात दहा पैसे. खरे काम त्या दहा पैशांचे. आता गंजामुळे घासणे बरेच वाढले, की त्या दहातले पाच गेलेच म्हणा. पाना 'टक्' करेल, तुम्ही समाधानाने विडी शिलगावाल, आणि बोल्ट निम्माच ताणलेला असेल. उलट मलम फार निसरडे लावले तर दहाचे पंधरा होतील. म्हणून कागदावरचा आकडा एकटा नसतो. तो त्याच बोल्टचा आणि त्याच मलमाचा असतो. कंपनीच्या पुस्तकातला आकडा बाहेरच्या बोल्टला लावू नका. शेजाऱ्याच्या गाडीचा आपल्या गाडीला लावू नका. कंपनीचे काही बोल्ट तर आधी थोडे आवळून मग पाव फेरा, पुन्हा पाव फेरा, असे कोनाच्या मापाने ताणायचे असतात. ते मुद्दाम कायमचे ताणायचे असतात. असा बोल्ट एकदा सोडला की संपला. तो दुसऱ्यांदा घालणे म्हणजे वापरलेली काडी पुन्हा ओढणे.

हात कसा चालवायचा, हे तोंडाने सांगून पुरे कळत नाही. तरी मुख्य मुख्य सांगतो.

इंजिन थंड असताना हात लावा. गरम हेडचे बोल्ट सोडले तर ते वाकते. सोडताना कडेकडून मध्याकडे यायचे, लावताना मध्याकडून कडेकडे जायचे. का? वाकळ अंथरताना आपण हात मधून बाहेर फिरवतो, म्हणजे चुण्या कडेला निघून जातात. कडा आधी दाबल्या तर मधे फुगा राहतो. गास्केटचे तसेच. बहुतेक कागदांवर बोल्टांच्या चित्रात १, २, ३ असे क्रमांक घातलेले असतात. तो क्रम मोडू नका.

ब्लॉकमधली बोल्टची भोके आधी स्वच्छ करा. याच्यावर आमचा फार भर आहे. काही भोके खाली बंद असतात. आत पाणी किंवा तेल साचलेले असेल आणि वरून बोल्ट घातला, तर पाण्याला जायला वाट नसते. पाणी दबत नाही. बोल्ट त्याच्यावर टेकतो, पाना 'टक्' करतो, आपल्याला वाटते आवळले. हेड मात्र मोकळेच. जास्त जोर झाला तर ब्लॉक तडकतो. ब्लॉक तडकला म्हणजे इंजिनच गेले. तेव्हा काडीला चिंधी गुंडाळून भोक पुसा, मग हवा मारा. हवा मारताना तोंड बाजूला आणि डोळ्यांवर चष्मा. आटे नुसते साफ करायचे आहेत, नवे पाडायचे नाहीत. कापणारा टॅप घातला तर आटेच कमी होतात.

हेड आणि ब्लॉकची तोंडे सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून पाहा. खालून पातळ पाते किती ठिकाणी शिरते, ते मोजा. किती चालते, ते गाडीच्या पुस्तकात असते. गास्केटवर 'वर' अशा अर्थाचे काही छापले असेल, तर ती बाजू वर. याबद्दल जास्त सांगत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असते.

वायसर जाड आणि कठीण असतो. त्याची एक कड उतरती केलेली असेल, तर ती कड वर, बोल्टच्या डोक्याकडे. मलम आट्यांना लावायचे आणि डोक्याच्या खाली, वायसरच्या वरच्या अंगाला लावायचे. वायसरच्या खालच्या अंगाला नाही, नाहीतर वायसरच फिरायला लागतो आणि मग आकड्याला अर्थ राहत नाही. सगळे बोल्ट आधी हाताने घाला. एखादा हाताने जात नसेल, तर पान्याने रेटू नका. तो का जात नाही, ते पाहा.

मग तीन फेऱ्यांत आवळा. ६५ लावायचे असतील तर सगळ्यांना आधी २५, मग ४५, मग ६५. किती फेरे आणि किती-किती, हे कागदावर असेल तर कागदाचे ऐका. पाना संथ ओढा. झटका नको. 'टक्' झाले की हात सोडा. "आणखी जरासं, मनाच्या समाधानाला," असे करू नका. आमच्या मनाच्या समाधानाची किंमत एका डोरल्याएवढी झाली.

इंजिन एकदा चालवून, थंड करून पुन्हा आवळायचे का? काही बोल्टांना आवळायचे असते, काहींना हात लावायचा नसतो. तेही त्याच कागदावर असते. तेव्हा कागद फेकू नका. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. कागदाचा फोटो काढून ठेवा. आणि मिस्त्री म्हणाला, "आकडे वाचायची गरज नाही, माझा हात बसलाय," तर त्याला आमची गोष्ट सांगा. रागावला तर रागावू द्या.

मघाशी मागून एका अण्णांनी विचारले, की टॉर्क पाना महाग असतो, तो प्रत्येकाने कुठून घ्यायचा? बरोबर आहे. प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. चार जीपवाले मिळून एक घ्या. पेरणीयंत्र भाड्याने फिरते, तसा तो फिरू द्या. मात्र ज्याच्याकडे ठेवाल, तो मनुष्य पाना हातोड्यासारखा वापरणारा नसावा.

त्या वहिनींनीही विचारले आहे. हो, त्या आज इथेच बसल्या आहेत. त्या म्हणतात, "दुसऱ्या बारीला मीच वाचलं, ते का सांगत न्हाईत?" सांगतो. नवे बोल्ट आले तेव्हा कागद त्यांच्याच हाती दिला. त्यांनी आकडा वाचला, अक्षरे वाचली, मग पान्याच्या दांड्यावरची अक्षरे त्या कागदाशी जुळवून पाहिली आणि बोटाने दाखवले, "ही बाजू." प्रत्येक 'टक्'ला त्या कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढत गेल्या. तीन फेरे, तीस रेघा. जीप त्या संध्याकाळी सुरू झाली. रेघा अजून भिंतीवर आहेत. दिवाळीत त्यांनी घर रंगवले, तेवढी जागा सोडून.

उद्या सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, शाळेमागच्या झाडाखाली एका जीपचे हेड बसवायचे आहे. बोल्ट बाहेरचेच आहेत. कागद आम्ही अजून उघडलेला नाही. ज्यांना यायचे त्यांनी यावे. वही आणावी, आणि ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांनी चष्मा आणावा. कागद तुमच्यापैकीच कोणी तरी वाचायचा आहे.